टेलरची कागदपत्रं अभ्यासताना या चुका टाळा

शास्त्रीय व्यवस्थापनाचा, म्हणजे काम मोजून-मापून करवून घेण्याच्या पद्धतीचा, जनक म्हणून फ्रेडरिक टेलर बारावी कॉमर्सला भेटतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच सुटतो. पुढे जायचं असेल तर त्याची पत्रं, अहवाल, हस्तलिखितं न्यू जर्सीतल्या होबोकेनला स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आहेत. 1883 साली तो इथूनच पदवीधर झाला.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे त्याचं 1911चं ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ हे पुस्तक पुरावा म्हणून वापरणं. त्यातला श्मिट प्रसिद्धच आहे: बेथलेहेम स्टील या अमेरिकन पोलाद कंपनीचा मजूर, दिवसाला साडेबाराऐवजी साडेसत्तेचाळीस टन लोखंड वाहणारा, मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85. कागदांत श्मिट शोधलात तर हात हलवत परत याल, कारण माणसाचं खरं नाव हेन्री नोल. शोधायचा तो गिलेस्पी आणि वोल यांचा 1899चा अहवाल. लोखंड वाहण्याचा हा प्रयोग या दोघांनी चालवला होता. दहा दणकट हंगेरियन मजुरांकडून पूर्ण वेगाने रेल्वेची एक वाघीण भरून घेतली, त्यावरून माणशी दिवसाला 75 टन धरले, विश्रांतीचे म्हणून 40 टक्के वजा केले आणि 45 टन ठरले. शास्त्र एवढंच! पुस्तकातली रंगतदार गोष्ट नोंदींशी जुळत नाही, हे 1974 साली संशोधकांनी दाखवून दिलं.

आकडे जुळत नसतील तर आधी टन तपासा. इथला टन 2,240 पौंडांचा आहे. लोखंडाचा एक ठोकळा 92 पौंडांचा, म्हणजे साडेसत्तेचाळीस टनांचे 1,156 ठोकळे होतात. अमेरिकेतला नेहमीचा 2,000 पौंडांचा टन धरलात तर सव्वाशेच्या आसपास ठोकळे कमी पडतील.

मुखपृष्ठावर टेलरचं नाव आहे म्हणून प्रत्येक ओळ त्याचीच, असंही धरू नका. त्या पुस्तकातला बराच मजकूर मॉरिस कुक या सहकाऱ्याच्या हस्तलिखितातून आलेला आहे. कॉपलीने लिहिलेलं टेलरचं 1923चं दोन खंडी चरित्रही जपून वाचा. ते घरच्यांच्या संमतीने लिहिलेलं आहे, त्यामुळे कौतुकाचा भाग वजा करावाच लागतो. त्यापेक्षा 1912 साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर झालेली टेलरची साक्ष वाचा. तिथे त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारलेत.

काम करतानाच्या हालचालींच्या अभ्यासाच्या फिल्म हव्या असतील तर होबोकेन सोडा. ते काम गिलब्रेथ दांपत्याचं, आणि त्यांचे कागद इंडियानात, पर्ड्यू विद्यापीठात आहेत.