हात आधी, पाना नंतर : गोव्याच्या तांबड्या मातीवर स्पर्धेची बगी जुळवताना

स्पर्धेची रेडिओ-नियंत्रित बगी बहुधा तयार मिळत नाही. ती सुट्या भागांच्या पिशव्यांतून येते आणि पहिल्या बेअरिंगपासून शेवटच्या वॉशरपर्यंत आपणच जोडायची असते. मी माझी पहिली बगी जोडली तेव्हा यांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. १:१० प्रमाणाची, विजेवर चालणारी, फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारी ही गाडी जोडायला मला चार रात्री लागल्या. ती नीट धावू लागेपर्यंत मात्र पुढचा अख्खा हंगाम गेला, आणि त्यातला निम्मा वेळ मी भलत्याच दुखण्यावर औषध शोधत होतो.

आमचा सरावाचा ट्रॅक फोंडा तालुक्यातील एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बंद पडलेल्या चिरेखाणीच्या कडेला आहे. जांभ्याची जमीन कशी असते हे गोमंतकीयांना सांगायला नको, पण गाडीच्या दृष्टीने ती तीन थरांची असते : वर पिठासारखी सैल धूळ, खाली चिऱ्यासारखाच टणक थर, आणि दोहोंच्या मध्ये लोहाचे बारीक गोल खडे, जे टायरखाली गोट्यांसारखे घरंगळतात. पाणी शिंपडल्यावर हीच जमीन अर्धा-पाऊण तास उत्तम पकड देते आणि मग उन्हाने पुन्हा सैल होते. म्हणून पाणी मारल्यावर लगेच केलेल्या चाचणीची तुलना तासाभरानंतरच्या चाचणीशी कधीही करू नये. मी ती कित्येक आठवडे करत होतो आणि नव्या स्प्रिंगमुळे गाडी सुधारली असे समजत होतो. प्रत्यक्षात गुण पाण्याच्या बादलीचा होता.

आता त्या भलत्या दुखण्याविषयी. माझी बगी डावीकडच्या वळणावर मागून घसरून गरकन फिरत असे. उजवीकडच्या वळणावर तीच गाडी शहाण्यासारखी वागत असे. मी मागच्या स्प्रिंगा मऊ केल्या, शॉकमधले (धक्के शोषणाऱ्या नळ्यांमधले) तेल पातळ केले, टायर बदलले, कॅम्बर लिंकची, म्हणजे चाकाचा कल ठरवणाऱ्या वरच्या दांड्याची, लांबी बदलली. प्रत्येक उपायाने एखादा दिवस बरे वाटे आणि पुढच्या रविवारी दुखणे पुन्हा हजर होई. कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करणारे माझे मामा एकदा घरी आले असता मी टेबलावर गाडी उघडून बसलो होतो. त्यांना बगीतले काही कळत नव्हते, पण माझे सगळे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, “पयलीं हातान फिरोवन पळय, मागीर पाना घे.” म्हणजे आधी हाताने फिरवून बघ, मग पाना घे. मी चारही शॉक सोडवले आणि एकेक आर्म, म्हणजे चाक धरून वर-खाली होणारा दांडा, वर उचलून सोडला. तीन आर्म आपल्या वजनाने खाली पडले. मागचा उजवा मध्येच अडकून राहिला. कुठल्याशा उडीनंतर त्याची हिंज पिन, म्हणजे आर्म जिच्यावर फिरतो ती सळई, किंचित वाकली होती, इतकी किंचित की ती काचेवर लोळवून पाहिल्यावरच कळले. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या बाजूवर येतो. तिथलाच आर्म अडकल्यामुळे चाक जमिनीचे चढउतार घेऊ शकत नव्हते आणि उचलले जाऊन पकड सोडत होते.

कॅम्बर, तेल, स्प्रिंग, लिंक हे सगळे आपण दोन्ही बाजूंना सारखेच ठेवतो, तेव्हा त्यांच्यामुळे गाडी एकाच बाजूला बिघडण्याचे कारण नसते. डावे आणि उजवे वळण वेगळे वाटत असेल तर काहीतरी वाकलेले, अडकलेले किंवा असमान जोडलेले आहे असेच समजावे आणि सेटअपला हात लावू नये. तेव्हापासून मी ट्रॅकवर जाण्याच्या आदल्या रात्री न चुकता काही गोष्टी पाहतो. शॉक सोडल्यावर प्रत्येक आर्म स्वतःहून पडला पाहिजे. नव्या किटमध्ये तो घट्ट असेल तर पिनचे भोक योग्य मापाच्या रीमरने अगदी हलकेच मोकळे करावे, ड्रिलने नव्हे. टर्नबकलच्या (लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दांड्याच्या) टोकाच्या बॉल-कप, म्हणजे गोळीवर बसणाऱ्या वाट्या, बोटांनी सहज फिरल्या पाहिजेत. चाके फिरवली असता बेअरिंगमधून खरखर येता कामा नये. आमच्याकडच्या बारीक तांबड्या धुळीत आणि किनाऱ्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत ५×१०×४ मिलिमीटरची छोटी बेअरिंगे लवकर खराब होतात. ती खरखरू लागली की सुईच्या टोकाने रबरी सील काढून रॉकेलमध्ये धुवावीत, पूर्ण वाळवावीत, पातळ तेलाचा एक थेंब द्यावा, आणि तरीही आवाज आला तर टाकून द्यावीत. स्वस्त ॲलन की घेऊन स्क्रूची डोकी झिजवू नयेत, १.५, २ आणि २.५ मिलिमीटरच्या कठीण टोकांच्या चांगल्या चाव्या हा या छंदातला मला सर्वांत आधी आवश्यक वाटणारा खर्च आहे.

गाडी मोकळी फिरते याची खात्री झाली की शॉककडे वळावे, कारण माझ्या मते जुळणीचे निम्मे काम तिथेच होते. शॉकमध्ये सिलिकॉनचे तेल आणि भोके असलेला पिस्टन असतो. तेल भरून पिस्टन सावकाश वर-खाली करावा, दहा मिनिटे उभा ठेवून बुडबुडे वर येऊ द्यावेत आणि मगच झाकण लावावे. पुढच्या दोन शॉकची जोडी आणि मागच्या दोहोंची जोडी शेजारी धरून दांडे एकदम दाबावेत. ते सारख्याच वेगाने आत गेले आणि सारखेच बाहेर आले तरच गाडीला लावावेत. तेलाच्या बाटलीवरचा ‘वेट’ हा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून सीएसटीचा, म्हणजे तेलाचा घट्टपणा मोजणाऱ्या सेंटिस्टोक या एककाचा, आकडा पाहावा. असोसिएटेड या कंपनीचे ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी. दुसऱ्या कंपनीच्या त्याच वेटचे तेल तेवढेच घट्ट असेल असे नाही.

नवख्यांना सर्वांत गोंधळात पाडणारी गोष्ट म्हणजे पिस्टनची भोके. मोठी भोके आणि घट्ट तेल, किंवा छोटी भोके आणि पातळ तेल, अशा दोन शॉकचे दांडे हाताने दाबले तर ते जवळजवळ सारखेच जाणवतात. फरक उडीवरून गाडी खाली आदळते तेव्हा दिसतो. दांडा झटक्याने आत जाऊ लागला की छोट्या भोकांतून तेल पुरेशा वेगाने निघू शकत नाही आणि शॉक क्षणभर कडक होतो. ट्रॅकवरची मंडळी याला ‘पॅक’ म्हणतात. उंच उड्या असतील तर चॅसी जमिनीवर आपटू नये म्हणून हा कडकपणा उपयोगी पडतो. पण आमच्या चिरेखाणीजवळच्या रस्त्यासारखी बारीक, सततची खडबड असेल तर तोच कडकपणा चाकांना जमिनीपासून उचलतो. म्हणून मी मोठी भोके आणि थोडे घट्ट तेल वापरतो. याशिवाय सिलिकॉनचे तेलही उष्णतेने पातळ होतेच. युरोपातल्या बंदिस्त, गार हॉलमध्ये जुळवलेल्या गाडीचा तक्ता एप्रिलच्या दुपारी सड्यावर जसाच्या तसा वापरला, तर शॉक त्या तक्त्यापेक्षा मऊ वागणार. सकाळच्या फेरीला बरे असलेले तेल दुपारी एक पायरी घट्ट घ्यावे लागते, हे मी दोन हंगामांच्या नोंदींवरून सांगतो.

राइड हाइट, म्हणजे चॅसीची जमिनीपासूनची उंची, मोजताना बॅटरी गाडीत असली पाहिजे. गाडी साधारण वीतभर उंचीवरून सपाट फळीवर सोडावी, ती स्थिरावू द्यावी आणि मग मापक सरकवावा. सैल जमिनीवर १:१० च्या बगीला मी २२ मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. त्याहून कमी केले तर खडे चॅसीच्या पोटाला घासतात. ड्रूप म्हणजे चाक हवेत असताना किती खाली लोंबते ते माप. मागे ड्रूप वाढवला की ब्रेक मारताना वजन अधिक प्रमाणात पुढे जाते आणि गाडी वळणात चांगली शिरते. पुढे वाढवला की वेग देताना वजन मागे जाते. डाव्या-उजव्या बाजूंचा ड्रूप व्हर्नियरने मोजून सारखा करावा, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे.

चाकांच्या कोनांबाबत नवख्याने फार प्रयोग करू नयेत असे मला वाटते. चारही चाकांना वरून आत झुकलेला, म्हणजे उणे १ अंशाचा कॅम्बर द्यावा. मागची चाके बहुतेक गाड्यांत किटमधूनच ३ अंश आत वळलेली येतात. ती तशीच राहू द्यावीत. प्रयोग करायचाच असेल तर मागच्या कॅम्बर लिंकच्या आतल्या टोकाखाली १ मिलिमीटरचा वॉशर घालून पाहावा. ते टोक वर गेले की रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती बाजूला कलते तो, खाली येते, गाडी वळणात अधिक कलते आणि सैल मातीवर मागच्या चाकांना बहुधा जास्त पकड मिळते. पदविकेच्या वर्गात रोल सेंटरची आकृती मी पाठ केली होती. ती समजली मात्र या पैशाएवढ्या वॉशरमुळे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलासाठी किमान पाच फेऱ्यांची वेळ नोंदवावी. त्यातल्या सर्वांत जलद फेरीकडे लक्ष देण्याची सवय मला मोडावी लागली, कारण एखादी फेरी योगायोगानेही जलद होते. मी आता जलद आणि संथ फेरीतले अंतर पाहतो. वाकलेली पिन बदलण्यापूर्वी ते माझ्या वहीत चार सेकंदांच्या आसपास होते. बदलल्यावर, किटच्या मूळ सेटअपवर परत जाऊन, दीड सेकंदाच्या आत आले. माझी सर्वांत जलद फेरी मात्र जवळपास तेवढीच राहिली.

टायरांविषयी थोडक्यात सांगायचे, तर सैल धुळीत उंच आणि विरळ टोकांचे, मऊ रबराचे टायर लागतात, आणि जमीन दाबली जाऊन गुळगुळीत झाली की आखूड आणि दाट टोकांचे. टायर रिमला चिकटवण्यापूर्वी दोन्ही कडा स्वच्छ पुसाव्यात आणि चिकटवल्यावर कड ओढून तपासावी, नाहीतर ऐन शर्यतीत टायर रिमवरून उतरतो आणि ठपका मात्र सेटअपवर बसतो. बॉल डिफ, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गोळ्यांचा डिफरन्शियल, असलेल्या गाडीत डिफ नेहमी स्लिपर क्लचपेक्षा घट्ट असावा; मोटरचा झटका स्लिपरने घ्यायचा असतो, डिफच्या गोळ्यांनी नव्हे. पिनियन (मोटरवरचे छोटे दातचक्र) आणि स्पर (ते ज्याला फिरवते ते मोठे दातचक्र) यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करावी आणि कागद काढून घ्यावा, म्हणजे दात योग्य अंतरावर बसतात. पाच मिनिटे चालवून मोटरचे तापमान मोजावे; मी ७५ अंश सेल्सियसच्या वर गेले की पिनियनचा एक दात कमी करतो. आमच्या उन्हात सकाळचे पिनियन दुपारी चालेलच असे नाही. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी १सी दराने, म्हणजे ४००० एमएएचची असेल तर ४ ॲम्पिअरने, आगरोधक पिशवीत आणि आपल्या डोळ्यांसमोर चार्ज करावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती कधीही ठेवू नये.

कसलेल्या स्पर्धकांचे सेटअपचे तक्ते सहज मिळतात आणि ते वाचावेतही, पण आधी ते कोणत्या जमिनीचे आहेत हे पाहावे. अलीकडे पुष्कळ शर्यती कार्पेटवर किंवा कृत्रिम हिरवळीवर होतात. त्या पकडीसाठी बनवलेली गाडी आणि मातीवरची गाडी यांत इतका फरक पडतो, की कंपन्या एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्या काढतात. असोसिएटेडच्या बी७डी या नावातले ‘डी’ हे अक्षर मातीसाठी, म्हणजे ‘डर्ट’साठी आहे. मी पहिल्या हंगामात कार्पेटच्या तक्त्यातल्या स्प्रिंगा मागवल्या होत्या. त्या इतक्या कडक निघाल्या की आमच्या खडबडीत रस्त्यावर बगी बेडकासारखी उड्या मारत गेली. त्या अजून माझ्या खणात पडून आहेत.

गोव्यात जून ते सप्टेंबर ट्रॅक चिखलाखाली असतो. ते महिने गाडी पूर्ण उघडण्यासाठी वापरावेत. शॉकचे तेल आणि ओ-रिंग बदलाव्यात, बेअरिंगे धुवावीत, स्लिपरचा नट सैल करून ठेवावा, बॅटरीचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणावा. गाडी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, कारण पावसाळ्यात आमच्या घरात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे स्क्रूंची काय कथा. डबा चाकांवर उभ्या असलेल्या गाडीसाठी पुरेल एवढ्याच उंचीचा नसावा. आत चॅसीखाली ठोकळा ठेवावा, म्हणजे चार महिने स्प्रिंगा दाबल्या जात नाहीत आणि टायर एकाच जागी चपटे होत नाहीत. मी हंगामाची पहिली फेरी चतुर्थी होऊन जमीन पुरती वाळल्यावरच मारतो, आणि त्याच्या आदल्या रात्री शॉक सोडवून चारही आर्म पुन्हा एकदा हाताने उचलून सोडतो.