न्यूझीलंडला राहायला येताय? ओटीच्या नारळापासून ‘ब्रिंग अ प्लेट’पर्यंत

व्हिसा आला की घरात पहिली चर्चा सुरू होते ती बॅगेत काय भरायचं याची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ पण तिथेच होतो, म्हणून मी बॅगेपासूनच सुरुवात करते. मी ऑकलंडला राहते, नव्याने येणारी मराठी कुटुंबं बऱ्याचदा भेटतात, आणि प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगते की इथे न सांगितल्याने जेवढा त्रास होतो तेवढा सांगितल्याने कधी होत नाही. विमानतळावर सामानाच्या बाबतीत हे खरंय आणि नंतर बोलण्याच्या, माणसांच्या बाबतीत पण तितकंच खरंय.

आधी एक समजून घ्या की विमानतळावर तपासणी दोन गोष्टींची असते. एक कस्टम्स, म्हणजे पैसे, दारू, सिगारेट, औषधं वगैरे. दुसरी बायोसिक्युरिटी, म्हणजे खाणं, बिया, झाडपाला, लाकूड, माती, प्राण्यांपासून बनलेलं काहीही. आपले लोक अडकतात ते जास्त करून दुसऱ्यात. हा बेटांचा देश आहे आणि शेती, दूधदुभतं, फळं यावर इथलं पोट चालतं, त्यामुळे बाहेरून एक कीड जरी आली तरी हाहाकार होतो. २०१० मध्ये ‘ते पुके’ नावाच्या भागात किवीफ्रूटच्या बागांना पीएसए नावाचा जिवाणूचा रोग लागला आणि बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. २०१५ मध्ये ऑकलंडच्या ग्रे लिनमध्ये फळमाशी सापडली तर कित्येक महिने त्या भागातून फळं-भाज्या बाहेर न्यायला बंदी होती. हे माहीत असलं की तो अधिकारी आपल्या लाडवाच्या डब्याकडे एवढं निरखून का बघतोय ते कळतं आणि राग येत नाही.

नियम असा आहे: न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लरेशन ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे (पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बंद करा), प्रवास सुरू व्हायच्या २४ तास आधीपासून भरता येतं. त्यात खाण्याचं विचारलंय तिथे सरळ ‘हो’ करायचं. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ते काढून घेतात, दंड नाही. न सांगितलेली सापडली तर तिथल्या तिथे ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. सापडतेच, कारण एक्सरे आहे आणि वास घेणारे कुत्रे पण आहेत.

आता आपल्या घरांमधली खास गोष्ट, जी कुठल्याच सरकारी पानावर आपल्या शब्दांत लिहिलेली नसते. निघताना आई किंवा सासूबाई ओटी भरतात, मग तो नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड पर्समध्ये जातं, केसांत गजरा असतो, देवाचा प्रसाद कुणीतरी मुलाच्या खिशात ठेवतं, आणि चोवीस तासांच्या प्रवासात हे सगळं डोक्यातून पार निघून जातं. या सगळ्या वस्तू जाहीर करण्याच्या यादीत येतात! ओटी जरूर भरून घ्या, पण नारळ-तांदूळ घरच्या देवापाशी ठेवून निघा, गजरा मुंबईलाच उतरवा. विमानात मिळालेलं सफरचंद किंवा केळं विमानातच संपवा नाहीतर तिथेच सोडा. मध आणूच नका, आणि च्यवनप्राशात पण मध असतो हे लक्षात ठेवा. गोमूत्र, शेणाच्या गोवऱ्या, ताजी विड्याची पानं, तुळशीचं रोप, याचा विचारपण नको. लाकडी देव्हारा किंवा पोळपाट-लाटणं आणताय तर जाहीर करा, त्याला साल किंवा किडीची भोकं नकोत. गावी शेतावर जाऊन आला असाल तर तेही सांगायचं, बुटांच्या तळव्यांना चिकटलेली माती ब्रशने घासून धुवून मगच बूट भरायचे.

मसाले, मेतकूट, पापड, चकली, सुके बोंबील, लोणचं जे काही आणताय ते सगळं एकाच बॅगेत वरती ठेवा म्हणजे काउंटरवर पटकन उघडता येतं. शक्यतो दुकानातलं सीलबंद पाकीट घ्या, घरचं असेल तर पाकिटावर मार्करने इंग्लिशमध्ये काय आहे ते लिहा. ‘मेतकूट’ असं सांगून त्यांना काही कळणार नाही, ‘रोस्टेड लेंटिल अँड स्पाइस पावडर’ म्हणा. गोडा मसाला म्हणजे ‘रोस्टेड ग्राउंड स्पाइसेस’. दुधाची मिठाई आणण्याच्या भानगडीत न पडलेलंच बरं, इथे इंडियन दुकानांत सगळं मिळतं.

कस्टम्सचं थोडक्यात. १०,००० न्यूझीलंड डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची रोकड असेल तर सांगावी लागते. रोजची औषधं जास्तीत जास्त ३ महिन्यांची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. गोळ्या काढून प्लास्टिकच्या डबीत भरायची सवय असेल तर या प्रवासापुरती सोडा.

बाहेर आलात की पुढचा प्रश्न कानांचा. आपण शाळेपासून इंग्लिश शिकलोय, ऑफिसात अमेरिकन क्लायंटशी बोललोय, तरी पहिले काही आठवडे किवी, म्हणजे इथल्या न्यूझीलंडच्या, माणसाचं बोलणं डोक्यावरून जातं. याला एक पद्धत आहे आणि ती कळली की निम्मं काम होतं. इथले स्वर एक-एक पायरी सरकलेले आहेत. ‘पेन’ आपल्याला ‘पिन’ ऐकू येतं, ‘टेन’ म्हणजे ‘टिन’, ‘चेक-इन’ म्हणजे चक्क ‘चिक-इन’. ‘बॅड’ म्हणतील ते ‘बेड’ वाटतं, मुलगा ‘डॅड’ म्हणतो ते ‘डेड’ वाटतं आणि ऐकणारा दचकतो. ‘फिश’ जवळजवळ ‘फश’ आणि ‘सिक्स’ म्हणजे ‘सक्स’. बऱ्याच जणांच्या तोंडी ‘चेअर’ आणि ‘चिअर’, ‘बेअर’ आणि ‘बिअर’ एकच होऊन जातात, तिथे संदर्भानेच ओळखायचं. शिवाय साधं वाक्यसुद्धा शेवटी वर नेऊन सोडतात, त्यामुळे समोरचा प्रश्न विचारतोय असं वाटून आपण उत्तर द्यायला जातो, आणि तो बिचारा नुसती माहिती देत असतो.

फोनवर सगळ्यात जास्त चुका स्पेलिंग सांगताना होतात. इथला ‘ए’ आपल्या कानाला ‘आय’सारखा लागतो आणि आपल्या नावांत ‘ए’ तर भरभरून, म्हणून कधीही नुसती अक्षरं सांगू नका, ‘ए फॉर अ‍ॅपल, आय फॉर इंडिया’ असंच सांगा आणि त्यांनाही तसंच सांगायला लावा. अपॉइंटमेंटची तारीख-वेळ आपण परत म्हणून दाखवायची, आणि ‘प्लीज टेक्स्ट मी’ म्हणायचं. थर्टीन की थर्टी, यावर कोणाची बस चुकलीय, कोणाचा इंटरव्ह्यू हुकलाय. परत विचारण्यात अजिबात कमीपणा नाही, इथे लोक शांतपणे परत सांगतात, पण कळलं नसताना नुसती मान हलवली तर ते कळलं असं धरून पुढे जातात. आणि मान हलवण्याचं पण जपून, आपली ती डावी-उजवीकडे डोलणारी मान त्यांना ‘नाही’ वाटते. तोंडाने ‘येस’ म्हणा.

उलट बाजूने आपलं बोलणं त्यांना का कळत नाही, हे पण बघू. इंग्लिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क थोडा श्वास सोडून म्हणतात, आपण कोरडे म्हणतो, म्हणून आपलं ‘पार्क’ त्यांना ‘बार्क’ आणि ‘कोल्ड’ हे ‘गोल्ड’ ऐकू येऊ शकतं. ‘कॅन’ म्हणताना मनात ‘ख’ आणा, तोंडासमोर हात धरला तर हवा लागली पाहिजे. व्ही आणि डब्ल्यू आपण सारखेच म्हणतो, तर व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, डब्ल्यूला ओठ गोल करा. बास, एवढ्यावर खूप फरक पडतो, अ‍ॅक्सेंट बदलायची काही गरज नाही आणि मुलांसमोर खोटा अ‍ॅक्सेंट काढू तर अजिबात नका. काही आपले इंग्लिश शब्द मात्र बदला: ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं तर त्यांना वाटतं तुमचा विश्वास नाही, ‘पास्ड आउट इन २०१५’ म्हटलं तर वाटतं चक्कर येऊन पडलात. लाख-कोटी पण कळत नाही.

माओरी नावांच्या बाबतीत मात्र आपण मराठी लोक खरंच नशीबवान आहोत, आणि मला हे सांगायला फार आवडतं. १९८७ पासून माओरी ही इथली अधिकृत भाषा आहे, गावांची, रस्त्यांची, शाळांची बरीच नावं माओरी आहेत. ती इंग्लिशसारखी वाचू नका, मराठी स्वरांत वाचा, आ ई ऊ ए ओ, दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते. डब्ल्यू-एच म्हणजे बहुतेक ठिकाणी ‘फ’, म्हणून फाङारेइ, फाकाताने ही गावांची नावं. एन-जी म्हणजे आपल्या वाङ्मयातला ङ! शाळेत मुलाच्या शिक्षिकेला ‘किआ ओरा’ म्हणा, चेहरा खुलतो. रीती पण ओळखीच्या वाटतात: सभागृहात, म्हणजे फारेनुईमध्ये जाताना चपला बाहेर, जेवायच्या टेबलावर बसायचं नाही, डोकं पवित्र म्हणून उशीवर बसायचं नाही (आजी हेच ओरडायची ना), भांडी पुसायची फडकी अंगावरच्या कपड्यांसोबत धुवायची नाहीत.

बाकीच्या किवी रीती हळूहळू कळतात पण काही आधीच माहीत असाव्यात. ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणजे रिकामी ताटली नाही, सगळ्यांनी वाटून खायला काहीतरी बनवून आणायचं, साबुदाणावडे नेले तर पहिल्यांदा तेच संपतात. ‘कम ओव्हर फॉर टी’ म्हणजे बऱ्याच घरांत संध्याकाळचं जेवण, सहा म्हटलं की सहालाच, आधी घरून जेवून जाऊ नका. ‘डेअरी’ म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. ‘येह, नाह’ म्हणजे नाही, गोड शब्दांत. बॉस ‘यू माइट वॉन्ट टू लुक अ‍ॅट दॅट’ म्हणाला तर ते करायचंच असतं. ‘नॉट बॅड’ ही चांगली शाबासकी आहे, हिरमुसू नका.

आणि आग्रह! आपल्याकडे पहिल्यांदा ‘नको नको’ म्हणायचं, मग दुसऱ्या-तिसऱ्यांदा घ्यायचं. इथे एकदा ‘आय अ‍ॅम गुड’ म्हटलं की विषय संपला, परत कोणी विचारत नाही, त्यात त्यांचा रूक्षपणा नसतो, तुमच्या शब्दाचा मान ठेवतात. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. तुमच्या घरी ते आले तर ताटात न विचारता वाढू नका.

मुलांच्या बाबतीत मला कळकळीने सांगायचंय कारण इथे रीत आणि कायदा एकत्र येतात. शिस्त लावायला म्हणून मुलाला मारलं हे स्पष्टीकरण २००७ पासून कायद्यात चालत नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला योग्य देखरेखीची सोय न करता एकटं सोडणं गुन्हा आहे, म्हणजे ‘मी पटकन दूध घेऊन येते’ हे पण बघून करा. ७ वर्षांखाली गाडीत चाइल्ड सीट लागतेच, मांडीवर घेऊन बसायचं नाही, मित्राची गाडी असली तरी. शेजारणीशी किंवा शाळेशी ओळख करून घ्या, लोक मदत करतात.

घराचं भाडं आठवड्याचं सांगतात, महिन्याचं समजून आनंदून जाऊ नका. साधा बॉन्ड, म्हणजे घराचं डिपॉझिट, जास्तीत जास्त ४ आठवड्यांच्या भाड्याइतका घेता येतो. घरं थंड आणि बरीचशी लाकडी, आणि स्मोक अलार्म फोडणीला वाजतो, हे नक्की होणार. अलार्म काढून ठेवू नका, एक्झॉस्ट आणि खिडकी आधी उघडा, मग मोहरी टाका.

आई-बाबा भेटायला येणार असतील तर बॅगेची वरची सगळी यादी त्यांना मराठीत टाइप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि फॉर्म तुम्ही स्वतः त्यांच्यासोबत फोनवर बसून भरा, प्रत्येक डबा विचारून. व्हिजिटर व्हिसावर ते पडले-झडले तर अपघाताचा उपचार एसीसीमधून, म्हणजे इथल्या सरकारी अपघात-भरपाई योजनेतून, होऊ शकतो, पण आजारपणाचा खर्च त्यात येत नाही, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स निघायच्या आधी काढा आणि जुने आजार त्यात लिहा. दवाखान्यात त्यांना तो अ‍ॅक्सेंट कळला नाही तर ‘मराठी इंटरप्रिटर प्लीज’ म्हणून मागा, अपॉइंटमेंट घेतानाच सांगितलं तर सोय व्हायची शक्यता जास्त असते.