सेल्फ दाते खातो तेव्हा: बोटीच्या जुन्या इंजिनाची स्टार्टर मोटर बदलताना

किल्ली फिरवली की इंजिनखोलीतून ‘कर्रर्र’ असा आवाज येतो, चार वेळा प्रयत्न केल्यावर कसंबसं इंजिन लागतं, आणि बोटीवर सगळ्यांचं एकमत होतं: सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) गेला. नवा सेल्फ येतो, थोडे दिवस सुरळीत चालतो आणि पुन्हा तीच घरघर. असं होतं, कारण मूळ दुखणं बऱ्याचदा फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, कडेवर बसवलेल्या दातेरी रिंगचं असतं. झिजलेली रिंग नव्या पिनियनचेही, म्हणजे तिला फिरवणाऱ्या सेल्फच्या छोट्या दातेरी चाकाचेही, दाते खाते. म्हणून पैसे मोजण्याआधी रिंग बघायची.

कोकण किनाऱ्यावरच्या ट्रॉलरांमध्ये मूळची ट्रकची, नंतर समुद्रासाठी फेरफार केलेली इंजिनं बरीच आहेत. अशोक लेलँडचं सहा सिलिंडरचं इंजिन त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं. पुढचं सगळं अशा डिझेल इंजिनांना धरून आहे.

आधी कान द्या

‘कट-कट-कट’ आवाज दात्यांचा नसतो. बॅटरी उतरलेली असते किंवा केबलचं टर्मिनल गंजलेलं असतं, त्यामुळे सोलेनॉइड (पिनियन पुढे ढकलून मोटरला वीज जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) ओढतो आणि लगेच सोडतो. मोटर भर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्सचा (पिनियन बसवलेल्या भागाचा) क्लच घसरतोय किंवा पिनियन बाहेरच येत नाही. इंजिन लागल्यावरही शिट्टीसारखा उंच आवाज चालू राहिला, तर पिनियन रिंगमध्येच अडकलाय किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. अशा वेळी आधी इंजिन बंद करा आणि लगेच बॅटरीचा मेन स्विच पाडा. क्रम उलटा केला, तर चालत्या इंजिनावर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.

खरी घरघर म्हणजे दात्यावर दाता घासल्याचा आवाज. त्यामागे झिजलेला पिनियन, झिजलेली रिंग, सैल झालेले बोल्ट किंवा खलास झालेला बुश (मोटरच्या दांड्याला आधार देणारी नळी) असतो. बुश गेला की आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) खाली बसतं, पिनियन तिरका होतो आणि रिंगला नीट भिडत नाही.

मीटर लावून बॅटरी तपासायला पाच मिनिटं लागतात. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना तो आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. २४ व्होल्टच्या जोडणीत १९ च्या खाली नको. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत मीटर धरा आणि सेल्फ मारा. १२ व्होल्टवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर केबल किंवा तिच्या टोकाचा लग खराब आहे. वीज कमी पोचली की पिनियन अर्धवट घुसतो आणि दाते तिथेच घासतात. मग दोष केबलचा आणि बदलला जातो सेल्फ.

रिंग कशी बघायची

इंजिन बंद करताना ते दर वेळी कुठेही थांबत नाही. कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा) जोर अडवतो तिथेच ते थांबतं. सहा सिलिंडरच्या इंजिनात अशा तीन जागा असतात, १२० अंशांच्या अंतराने. चार सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन. पुढच्या वेळी पिनियन बरोबर तिथेच येऊन आदळतो, म्हणून रिंग तेवढ्याच जागी झिजते.

यावरून सोपी परीक्षा निघते. घरघर झाली की थांबा, क्रँकच्या पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हाताने थोडं पुढे फिरवा आणि पुन्हा सेल्फ मारा. आता आवाज न होता पकडलं, तर दोष रिंगचा समजायचा. प्रत्येक ठिकाणी घरघर होत असेल, तर पिनियन किंवा बुशवर संशय घ्या. हाताने फिरवताना इंजिन मध्येच घट्ट अडलं, तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल, तर आधी ते काढायला हवं. सेल्फचा त्यात दोष नाही.

सेल्फ काढल्यावर त्याच भोकातून टॉर्च मारा. खडूने खूण करून रिंग पूर्ण एक फेरा फिरवा. दात्याची पुढची कड थोडी गोल झाली असेल तर चालेल. दात्याची लांबी एक तृतीयांशाच्या आसपास खाल्ली गेली असेल किंवा तुकडा उडाला असेल, तर नव्या सेल्फचे पैसे रिंग बदलेपर्यंत राखून ठेवा.

काढणं

बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. बॅटऱ्या दोन असतील तर दोन्हींचा. मेन स्विचवर भरवसा ठेवू नका, पाना निसटून बॉडीला लागला की ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असतो. वायरींचा मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येकीला चिकटपट्टीने खूण करा.

बोल्ट दोन किंवा तीन असतात आणि त्यातला एक हमखास असा असतो की हात पोचतो पण नजर पोचत नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) गोणपाट पसरा, नाहीतर पडलेला वायसर शोधण्यात दुपार जाईल. जुने अवजड सेल्फ १५ ते २५ किलोंचे असतात, त्यामुळे खाली फळीचा टेकू द्या किंवा वरून दोरीने तोलून धरा. खालचे बोल्ट आधी, वरचा शेवटी. सेल्फ आणि फ्लायव्हीलच्या हौसिंगच्या (आवरणाच्या) मध्ये पत्र्याची शिम किंवा जाड चकती निघाली तर ती जपून ठेवा. पिनियन आणि रिंगमधलं अंतर तिनेच साधलेलं असतं.

नवा की दुरुस्त?

आर्मेचर आणि त्याभोवतीच्या फील्ड कॉइल शाबूत असतील, तर सेल्फ-डायनामोचं काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडून जुनाच भरून घेणं स्वस्तातल्या नव्या मालापेक्षा बरं. कार्बन (आर्मेचरला वीज पोचवणारे ब्रश) मूळ लांबीच्या निम्म्यावर आले असतील तर बदला. बुश नवे घाला. ब्राँझचा सच्छिद्र बुश ठोकण्याआधी दिवसभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवलेला हवा. बेंडिक्स रॉकेलने धुऊन कोरडा ठेवा. त्यावर ग्रीस थापलं की धूळ चिकटते आणि पिनियन अडकतो.

नवा घेताना जुना सोबत न्या आणि शेजारी ठेवून एकेक गोष्ट जुळवा: व्होल्ट, पिनियनच्या दात्यांची संख्या, दात्याचं माप, फिरण्याची दिशा, बोल्टांची भोकं, फ्लँजपासून (बोल्ट बसतात त्या कडेपासून) पिनियनच्या तोंडापर्यंतचं अंतर. शेवटचं अंतर एक मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळं असेल तर घेऊ नका. सोलेनॉइड शक्यतो वरच्या बाजूला यायला हवा, खाली आला तर त्यात पाणी साचतं.

जुन्या सेल्फवर निगेटिव्हसाठी वेगळा बोल्ट आहे का, तेही बघा. असला तर तो बॉडीपासून वेगळा ठेवलेला, खास बोटीसाठीचा सेल्फ आहे. त्याच्या जागी ट्रकचा बसवला तर परतीची वीज इंजिनाच्या बॉडीतून वाहू लागते आणि पाण्याखालच्या धातूला गंज लागण्याची वाट मोकळी होते. पेट्रोल इंजिनात तर मोटारीचा सेल्फ अजिबात लावायचा नाही. बंद इंजिनखोलीत पेट्रोलची वाफ साचते आणि साध्या सेल्फच्या कार्बनची ठिणगी तिला पुरते. तिथे ठिणगी बाहेर पडू न देणारा मरीन सेल्फच हवा.

बसवण्याआधी सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट आवळा, जंपर केबलने वीज द्या आणि सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला वायर टेकवा. पिनियन झटक्यात बाहेर येऊन फिरला पाहिजे. सुटा सेल्फ हातात धरून हा प्रयोग करू नका, तो उसळी मारतो.

बसवणं

हौसिंगचं तोंड आणि सेल्फचा फ्लँज घासून लखलखीत करा. एक तारेचा सेल्फ असेल तर वीज इथूनच परत जाते, म्हणून या तोंडाला रंग लावू नका. सगळे बोल्ट आधी बोटांनी आटे धरेपर्यंत फिरवा, मग आळीपाळीने आवळा. इंजिनाच्या पुस्तकात आकडा दिलेला असेल तर तोच पाळा. नसेल तर १० मिलिमीटरच्या ८.८ दर्जाच्या बोल्टाला ४५ ते ५० आणि १२ च्या बोल्टाला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास.

सोलेनॉइडच्या जाड बोल्टावर नट आवळताना मागचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. बोल्ट फिरला तर आतला कॉन्टॅक्ट तुटतो आणि नवा सेल्फ जागेवरच मरतो. टर्मिनल आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन फासा, आधी नाही. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

पहिल्यांदा डिझेलचा स्टॉप ओढून ठेवा, म्हणजे इंजिन लागणार नाही, आणि तीन-चार सेकंदच सेल्फ मारा. आवाज साफ आला, तर इंजिन लावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये निदान एक मिनिट थांबा. एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं इंजिन असेल आणि ते लवकर लागत नसेल, तर सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा नळ) बंद करा. नाहीतर पंप सायलेन्सर भरत राहतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. इंजिन लागताच कॉक उघडायचा, कारण पंपातलं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, कोरडं टिकत नाही.

रिंगच बदलायची असेल तर

गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून हे काम १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, बोट शाकारलेली असताना काढा. जुनी रिंग दोन दात्यांच्या मध्ये भोक पाडून छिन्नीने फोडतात. नवी रिंग भट्टीत किंवा ओव्हनमध्ये सारखी तापवायची, २०० अंशांच्या आसपास. गॅसच्या ज्योतीने निळी-लाल केली तर दात्यांचा कडकपणा जातो. दात्यांची उतरती कड पिनियन येतो त्या बाजूला ठेवा, फ्लायव्हीलच्या खांद्याला चिकटून बसली की आपोआप गार होऊ द्या. पाणी ओतू नका.

नवी रिंग मिळत नसेल तर जुनीच तापवून, न फोडता उतरवा आणि सहा सिलिंडरला ६० अंश, चारला ९० अंश सरकवून बसवा. झिजलेल्या जागा थांबण्याच्या ठिकाणांवरून हलतात आणि एखादा हंगाम सहज निघतो.

दहा तास इंजिन चालल्यावर बोल्ट पुन्हा तपासा, आणि सेल्फच्या वर बघा. पाण्याचा पंप, होजचा क्लिप, डेकची फट, कुठूनही थेंब पडत असेल तर तो बंद करा, किंवा सेल्फवर रबरी पत्र्याचं छप्पर बांधा. हौसिंगमधून तेल गळत असेल तर मागचं ऑइल सील गेलंय. ते न बदलता बसवलेल्या सेल्फच्या कार्बनवर तेल चढतं.