अकरा सप्टेंबरविषयीचे डच पत्रक कसे तपासावे

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांच्या अधिकृत वृत्तांताविषयी शंका घेणारे नागरिकांचे गट डचभाषक समाजातही तयार झाले. अशा गटाचे पत्रक हाती आल्यास त्यातील प्रश्न आणि निष्कर्ष आधी वेगळे करावेत. 'सातवी इमारत (न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटर संकुलातील, विमान न धडकताही त्याच दिवशी पडलेली) का कोसळली?' हा रास्त प्रश्न आहे. 'ती स्फोटकांनी पाडली' हा निष्कर्ष, आणि त्याला स्वतंत्र पुरावा लागतो.

त्यानंतर डच सारांशावर न विसंबता मूळ इंग्रजी अहवाल उघडावा. या 47 मजली इमारतीविषयी एनआयएसटी या मानके व तंत्रज्ञानविषयक अमेरिकी सरकारी संस्थेने नोव्हेंबर 2008 मध्ये दिलेल्या अहवालानुसार आगीच्या उष्णतेने तुळया प्रसरण पावल्या व 79 क्रमांकाचा स्तंभ निकामी झाला. उत्तरेकडील दर्शनी भाग सुमारे 2.25 सेकंद मुक्तपतनाने (म्हणजे जणू काहीच अडथळा नसल्यासारखा) खाली आला, हेही त्यातच मान्य केले आहे. पत्रकात या दोन्हींपैकी एकच गोष्ट आढळली, तर (बाजू कोणतीही असो) सावध व्हावे.

डच सरकारकडील कागदपत्रांसाठी 1 मे 2022 पासून लागू असलेल्या 'वेट ओपन ओव्हरहैट' (खुले शासन कायदा) या माहितीविषयक कायद्याखाली कोणालाही अर्ज करता येतो. निर्णयाची मुदत चार आठवडे असून ती दोन आठवड्यांनी वाढवता येते. राज्याच्या सुरक्षेला धोका पोहोचवणारी माहिती मात्र कायद्यानेच नाकारली जाते, म्हणून केवळ नकार हा लपवाछपवीचा पुरावा ठरत नाही.