परसातली भट्टी: पहिली वीट लावण्याआधी

कुंड्या, पणत्या, छोटे माठ भाजण्यापुरती लाकडावरची भट्टी परसात बांधायला चार-पाच दिवस पुरतात. तयारीला मात्र पाच-सहा महिने लागतात, आणि ती विटांपासून नव्हे, लाकडापासून सुरू होते. ओल्या लाकडावर भट्टी सहाशे-सातशे अंशांपाशी अडून बसते. कितीही टाका, धूर वाढतो, आच वाढत नाही.

म्हणून दिवाळीच्या सुमारास वखारीतून बाभूळ किंवा सुबाभूळ आणून फोडून ठेवा. निम्मं मनगटाएवढं जाड, निम्मं दोन बोटांएवढं: जाड सुरुवातीला लागतं, बारीक शेवटी, जेव्हा झपाट्याने ज्वाळा हवी असते. खाली दोन विटा, वर पत्रा, बाजू मोकळ्या. एका ओंडक्यावर खूण करून दर आठवड्याला तो वजनकाट्यावर ठेवा. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन उतरलं नाही की लाकूड तयार. खाली दिलेल्या मापाच्या भट्टीला एका वेळी दोनशे ते तीनशे किलो लाकूड लागेल असं धरा आणि पहिल्या खेपेला साडेतीनशे हाताशी ठेवा. शहरी हद्दीत दारातलं स्वतःचं झाड तोडायलाही १९७५च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. धारावीच्या कुंभारवाड्यात सुती चिंध्या आणि कापसाचा कचरा जाळतात, ते पाहून घरातले जुने कपडे टाकायचा मोह होतो. त्यात टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं कापड, निघालं तर त्याच्या घाण धुराने शेजारी दुसऱ्यांदा भट्टी लावू देणार नाहीत.

लाकूड वाळतंय तोवर माती तपासा. साध्या लाल मातीला ९०० ते ९५० अंश सेल्सिअस पुरतात. काही माती १०५०च्या आसपास वाकायला, फुगायला लागतात. जवळच्या कुंभाराच्या आव्यात आपल्या मातीच्या दहा-बारा पट्ट्या भाजून घ्या आणि पंधरा दिवस तशाच ठेवा. पृष्ठभागावरून पांढऱ्या टिंबासकट टवका उडाला तर मातीत चुनखडीचे कण आहेत: भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो. हा दोष भट्टीचा नाही, आणि भट्टी बदलून तो जाणारही नाही. माती बारीक चाळावी लागेल, नाहीतर बदलावी लागेल.

आता माप. भट्टी मोठी बांधण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात. मोठी भट्टी भरायला दोन महिने भांडी करत बसावं लागतं, आणि अर्धी भरून लावली तर आच सारखी लागत नाही. आतून ६९ × ६९ सेंमी आणि ७२ सेंमी उंच, एवढी पुरे. सहा इंची कुंड्या बोटभर अंतर ठेवून साठेक बसतात. ६९ हा आकडा विटेवरून आला आहे: ९ × ४½ × ३ इंची वीट म्हणजे साधारण २३ × ११.५ × ७.५ सेंमी, तशा तीन विटांची लांबी. भिंत एक वीट जाड, म्हणजे २३ सेंमी. बाहेरून भट्टी ११५ सेंमी चौरस होते आणि एका थराला बरोबर ३२ विटा लागतात, एकही तोडावी लागत नाही. रचना अशी: खाली चूल, तिच्यावर विटांची जाळी, जाळीवर भांडी, वरचं तोंड उघडं. चुलीचे सहा थर, वर भांड्यांचे नऊ.

चुलीच्या भिंतीची आतली अर्धी जाडी, चुलीतली मधली भिंत आणि जाळी यांना फायरब्रिकच (उष्णता सोसणारी खास वीट) हवी, कारण ज्वाळा तिथे थेट लागते. सुमारे १४० आणा. बाकीला चांगली भाजलेली लाल वीट चालते, साधारण ५००. तळ आणि तूटफूट यात धरली आहे. लाल वीट घेताना वीटभट्टीवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. दहा विटा लांबीला लांबी लावून मापा; २३० सेंमीऐवजी २१५ भरल्या तर वरचा सगळा हिशेब बदलतो. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज हवा. मग एक कोरडी वीट वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवा, पुन्हा वजन करा. वाढ वीस टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तो ढीग सोडा. तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमपर्यंत पाणी पिते. अशा पाचशे विटा पावसात भिजल्या तर तीनशे लिटर पाणी भट्टीत बसलेलं असतं आणि ते तुमच्या लाकडावरच उकळायचं असतं.

जागा घरापासून, कुंपणापासून आणि गवताच्या गंजीपासून निदान पाच मीटर लांब हवी. वर फांदी नको, वीजतार तर नकोच, कारण शेवटच्या तासात ज्वाळा तोंडाबाहेर हात-दीड हात येते. वाऱ्याचा अंदाज बांबूला चिंधी बांधून आठ दिवस सकाळ-संध्याकाळ घ्या. चुलीची तोंडं थेट वाऱ्यासमोर आली तर झोत आला की एक बाजू पेटते, दुसरी धुमसते.

भट्टीचं वजन दोन टनांच्या आसपास जातं. काळ्या मातीवर ती तशीच उभी केली तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत तडकते. दीड मीटर चौरस, दीड ते दोन फूट खोल खड्डा, मुरूम लागेपर्यंत. दगडाचं सोलिंग, वर मुरूम, पाणी मारून धुमसा, आणि जोतं जमिनीपासून सहा इंच वर काढा. कोकणात जांभा वरच लागला तर नुसता समतल केला तरी चालतं. उघड्या काँक्रीटवर चूल पेटवू नका. आतलं पाणी वाफ होऊन कपच्या उडतात. मध्ये वाळूचा थर आणि विटांचा तळ घाला.

चुलीत मध्ये २३ सेंमी जाड भिंत घेतली की दोन्ही बाजूंना २३ सेंमी रुंद बोगदे उरतात, प्रत्येकाला समोरून एक तोंड. वीट २३ सेंमीची, बोगदाही २३चा, म्हणजे जाळीची वीट टेकणार कशावर? इथेच काम अडतं. वरचा थर दोन्हीकडून चार-चार सेंमी आत ओढा, मग जाळीची वीट कडेवर उभी ठेवली की दोन्ही टोकांना चार सेंमी टेकू मिळतो. दोन विटांमध्ये साडेचार ते पाच सेंमी फट. भांडी भरून वरचं तोंड खापऱ्यांनी झाकताना धुराला साधारण या सगळ्या फटी मिळून होते तेवढीच वाट सोडा. कमी सोडली तर ओढ मरते, जास्त सोडली तर वरचा थर कच्चा राहतो.

आणखी एक गोष्ट कागदावर नव्हे, परसात उभं राहूनच तपासा. भट्टीचा काठ जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर येतो आणि आतला तळ त्याखाली ७२ सेंमी. २३ सेंमीच्या भिंतीवरून वाकून तिथे कुंडी ठेवता येते का? बहुतेकांना नाही. म्हणून जाळीच्या वर एका बाजूला ४६ सेंमी रुंद दार ठेवा, ते दर वेळी विटा नुसत्या रचून, बाहेरून मातीने लिंपून बंद करायचं. त्या विटांवर खिळ्याने आकडे कोरा, तापल्यावर खडू राहत नाही.

सांध्यांना सिमेंट नको. चारशे-पाचशे अंशांनंतर ते भुसभुशीत होतं. लाल विटांना एक भाग माती, दोन भाग चाळलेली वाळू; फायरब्रिकला फायरक्ले (तशीच उष्णता सोसणारी माती) आणि विटांचा बारीक भुगा. सांधा तीन ते पाच मिमी, जाड केला तर गळून पडतो. तापल्यावर आतली बाजू चार-पाच मिमी वाढते आणि भिंती बाहेर ढकलते, म्हणून चार कोपऱ्यांना ४० × ४० × ५ मिमी अँगल लावून वर-खाली १२ मिमी सळईने आवळा. नट हाताने घट्ट होईल इतपतच, पान्याने पिळायचं नाही.

हे सगळं मार्चच्या सुरुवातीला उभं राहिलं तर दोन-तीन आठवडे वाळायला मिळतात. मग तीन संध्याकाळी रिकाम्या भट्टीत लहानसा जाळ. पहिल्या भरणीत नेहमीच्या कुंड्याच भरा, नक्षीचं काम नको. १२० अंशांपर्यंत दोन-तीन तास घ्या. वरच्या फटीवर थंड स्टीलची ताटली क्षणभर धरा, धुकं धरलं तर पाणी अजून निघतंय, लाकूड वाढवू नका. ५७३ अंशांच्या आसपास वाळूतला क्वार्ट्ज (गारगोटीचं खनिज) एकदम फुगतो, थंड होताना तिथेच आकसतो. चढतानाही आणि उतरतानाही तो टप्पा सावकाश जाऊ द्या. तापमानाला के-टाइप थर्मोकपल भरवशाचं, त्यासाठी एका भिंतीत बोटभर भोक बांधतानाच सोडा. नंतर ड्रिलने पाडायला गेलात तर वीट फुटते.