परदेशात औषधं पाठवताना वजनाआधी चिठ्ठी

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडला माझं कुरिअर बुकिंगचं काउंटर आहे. त्याआधी सहा वर्षं महाप्याच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेच्या डिस्पॅचला होते. औषधं पाठवायला येणारे बहुतेक आईवडील असतात. पिशवी काउंटरवर ठेवून म्हणतात, "ताई, वजन करा." मी काट्याला हात लावत नाही. आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागते आणि विचारते, "काकू, कुठल्या देशात?"

सगळं त्यावरच ठरतं. जर्मनीत खासगी माणसाला युरोपीय संघाबाहेरून टपालाने किंवा कुरिअरने औषध मागवता येत नाही; स्वतः जाताना गरजेपुरतं बरोबर नेलेलं चालतं. हे मला उशिरा कळलं. एका मुलीच्या थायरॉइडच्या गोळ्या मी बुक केल्या आणि तिथल्या कस्टम्सने अडवल्या. तिची आई रोज संध्याकाळी दुकानात येऊन विचारायची आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. गोळ्या मिळाल्याच नाहीत. तेव्हापासून त्या देशाच्या कस्टम्सची आणि औषध खात्याची वेबसाइट स्वतः वाचल्याशिवाय मी पावती फाडत नाही. तुम्हीही वाचा, औषधं विकत घ्यायच्या आधी.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना स्वतःपुरतं, ९० दिवसांहून जास्त नाही इतकं औषध पाठवायचा रस्ता आहे. सोबत इंग्रजी चिठ्ठी, डॉक्टरांचं पत्र, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते. तरीही सोडायचं की नाही, ते तिथला अधिकारी ठरवतो. ऑस्ट्रेलियातही एका वेळी तीन महिन्यांपुरतंच.

काही गोळ्या मी घेतच नाही. झोपेच्या नि चिंतेच्या अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, दुखण्यावरचं ट्रामाडोल. ही औषधं आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात (ट्रामाडोल २०१८ पासून), आणि त्यांच्या निर्यातीची परवानगी ग्वाल्हेरचा केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो देतो. ज्या गोळीवर इथे आजोबांना शांत झोप लागते, तीच आखाती देशात पोराला तुरुंगात नेऊ शकते. जपानला तर सर्दीची गोळीही बघून पाठवा: स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर तिथे बंदी आहे.

आता चिठ्ठी. आपले डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितात, तेही घाईघाईत. परदेशातल्या अधिकाऱ्याला 'थायरोनॉर्म' कळणार नाही, 'लेव्होथायरॉक्सिन' कळेल. म्हणून लेटरहेडवर टाइप करून घ्या: औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसाला किती, किती दिवसांसाठी. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. लग्न झालेल्या मुलीच्या चिठ्ठीवर माहेरचं आडनाव आणि पासपोर्टवर सासरचं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. पासपोर्टवरचं नावच सगळीकडे हवं, मेडिकलच्या बिलावरसुद्धा. स्ट्रिप कापू नका. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बहुतेक कडेलाच छापलेली असते. ती कापली गेली की हातात उरते ती बिननावाची गोळी. खोकं मोठं होतं म्हणून गोळ्या डबीत काढून आणतात, तेही नको.

आणि खोक्यावर 'खाऊ' किंवा 'भेटवस्तू' लिहायला मला सांगू नका. खोटं लिहिलं की खरी चिठ्ठीसुद्धा संशयात येते.

खाऊवरून आठवलं. गोळ्यांसोबत डिंकाचे लाडू येतात आणि त्यात खसखस असते. खसखशीला यूएई, सौदी अरेबिया आणि सिंगापुरात बंदी आहे. बाळंतिणीसाठी दशमूलारिष्ट पाठवतात, त्यात किण्वनाने मद्यार्क तयार झालेला असतो. दोन्ही बाजूला काढून ठेवा. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, आणि गोठलं तरी वाया जातं. ते कुरिअरने नकोच, जाणाऱ्या माणसाच्या हातातल्या बॅगेत द्या.

प्रयोगशाळेचं सामान हे वेगळंच काम. रोगनिदानासाठी पाठवलेल्या रक्ताच्या नमुन्याचं वर्गीकरण बहुतेक वेळा यूएन ३३७३ असं होतं (धोकादायक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक). त्याला तीन आवरणं लागतात: न गळणारी कुपी, तिच्याभोवती द्रव शोषणारा कापूस, मग दुसरा न गळणारा डबा आणि वर खोकं. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) असेल तर यूएन १८४५, धोकादायक मालाच्या वर्ग ९ चं लेबल आणि किती किलो आहे ते बाहेर लिहायचं. महाप्याला नवीन आलेला एक मुलगा थर्माकोलच्या झाकणाला चहूबाजूंनी टेप गुंडाळत होता. मी धावत जाऊन ती सोडवली. ड्राय आइसचा वायू होतो, त्याला वाट नसेल तर खोकं फुटतं. मातीतले जिवाणू किंवा वनस्पती परदेशी संशोधकाला पाठवायच्या असतील तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी आधी बघा. माणसाचे नमुने त्या कायद्यात येत नाहीत, पण संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि दोन्ही संस्थांमधला करार फाइलमध्ये हवाच.

उलट, परदेशातून इथे स्वतःसाठी औषध मागवायचं असेल तर फॉर्म १२ए भरून केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे अर्ज करायचा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. परवाना १२बी म्हणून मिळतो. तो हातात आल्यावरच तिकडून पार्सल निघू द्या.

शेवटी चिठ्ठी आणि बिलाच्या तीन प्रती काढा. एक खोक्यावरच्या प्लास्टिकच्या पाकिटात, एक आत, एक घरी. आणि कस्टम्सचा फोन येईल तो तिकडे, मुलाला. म्हणून माझ्या काउंटरवर उभ्या असतानाच फोटो काढून त्याला व्हॉट्सॲप करा.