फळ्यावर ‘येईल’ लिहिण्याआधी

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘शनिवारी सकाळी नऊला पाणी येईल.’ आलं रविवारी. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रिकामी कळशी घेऊन दारात उभ्या. “अगं, तू लिहिलंस म्हणून मी भरून नाही ठेवलं!” तेव्हापासून क्रियापद जपून वापरते.

आधी बघायचं, बातमी कुठून आली. खुणेवरून ताडलंय तर ‘असावं’. टाकीच्या पाइपातून हवा फुसफुसतेय, म्हणजे पाणी सुटलं असावं. खूण नाही, नुसता तर्क आहे, तर ‘सुटलं असेल’. समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमननं सांगितलंय, तर ‘सुटलंय म्हणे’. हे ‘म्हणे’ जिन्यात बोलायला झकास, जबाबदारी परस्पर वॉचमनवर जाते. फळ्यावर मात्र नको. लगेच विचारतात, कोण म्हणे?

मग खात्री किती ते. ‘बहुतेक’, ‘बहुधा’ यांचं माप होण्याकडे झुकलेलं. ‘कदाचित’ला दोन्ही दारं उघडी. (‘बहुदा’ नाही हं, ‘बहुधा’. फळ्यावर कोणीतरी माझं शुद्धलेखन खडूनं सुधारून गेलं होतं.) ‘क्वचित’ यांच्या जागी घालू नका, ते किती वेळा घडतं ते सांगतं.

वेळेला ‘नऊच्या सुमारास’, संख्येला ‘दहाएक बादल्या’. ‘अंदाजे नऊच्या सुमारास’ लिहिलंत तर एकच शंका दोनदा घेतलीत.

पावसाळ्यात हवामान खात्याचा ‘तुरळक ठिकाणी’ फळ्यावर उतरवताना जपा. तो शब्द पावसाच्या जोराचा नाही, पसाऱ्याचा आहे: भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ वाचून ‘तुरळकच आहे की’ म्हणत स्कूटर खालच्या पार्किंगमध्ये ठेवणारे आमच्याकडे दोघं आहेत. सायलेन्सरमधून पाणी काढताना पाहिलेत.

आणि शंकेचा शब्द लिहिला की शेजारी काम लिहायचंच: ‘उद्या पाणी बहुधा कमी दाबानं येईल. आज रात्रीच भरून ठेवा.’ आजींना तेवढं पुरतं.

राहता राहिलं ‘बघू’. हा दिसायला अनिश्चित, पण आमच्याकडे त्याचा अर्थ पक्का ठरलेला. प्लंबर “बघतो ताई” म्हणाला, की मी फोन ठेवते आणि दुसऱ्याला लावते.